घरचं इटालियन सीझनिंग: कुंडीपासून बरणीपर्यंत

इटालियन सीझनिंग म्हणून जे मिळतं तो चार-पाच वाळवलेल्या पाल्यांचा भरड चुरा असतो: ओरेगानो, बेसिल, मार्जोरम, थाईम आणि रोझमेरी. हे पाचही पाले तुळशीच्या कुळातले. त्यांचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमध्ये साठलेलं असतं. म्हणून पानाला नुसतं बोट लावलं तरी वास येतो आणि म्हणूनच निष्काळजीपणे वाळवलं तर तो चटकन उडूनही जातो. मिश्रण करायला पाच मिनिटं पुरतात. खरं काम त्याआधीच्या दहा-पंधरा दिवसांचं आहे, ते म्हणजे वाळवणं. हा लेखही बराचसा त्याविषयीच आहे.

वाळवण म्हटलं की आपल्याकडे गच्ची, कडक ऊन आणि त्यात पसरलेल्या कुरडया, पापड हेच डोळ्यांसमोर येतं. पाल्याच्या बाबतीत ही सवय सोडावी लागते. थेट उन्हात हिरवा रंग पिवळट-तपकिरी होतो, तेल उडतं आणि हाती वाळलेल्या गवताच्या वासाचा चुरा राहतो. पाला सावलीतच वाळवायचा, तोही वाऱ्यावर.

कोणता पाला, कुठून

ओरेगानोवर मिश्रणाचा डोलारा उभा असतो. पान लहान, करंगळीच्या नखाएवढं, किंचित लवदार आणि पातळ. नर्सरीत हमखास एक घोटाळा होतो. पानओवा, म्हणजे ज्याच्या जाड रसाळ पानांची भजी करतात तो, ओरेगानो म्हणून हातात दिला जातो. दोघांच्या वासात साम्य आहे, कारण दोन्हींत कार्व्हाक्रोल हे द्रव्य असतं. पण पानओव्याचं पान पाण्याने इतकं भरलेलं असतं की ते वाळायच्या आत काळं पडतं. भज्यांसाठी तो उत्तमच आहे, बरणीसाठी मात्र घेऊ नका.

मार्जोरम शोधायला लांब जावं लागत नाही. गजऱ्यात अबोलीबरोबर गुंफला जातो तो मरवा म्हणजेच मार्जोरम, ओरेगानोचा सख्खा भाऊ. चव ओरेगानोपेक्षा मवाळ, गोडसर. मात्र फुलबाजारातला मरवा खाण्यासाठी पिकवलेला नसतो. त्यावर काय फवारलं आहे हे कळायला मार्ग नाही, तेव्हा तो तसाच वाळवू नका. त्याची ताजी कांडी कुंडीत लावा, बऱ्याचदा रुजते. नव्याने फुटलेला पाला वापरायचा. फुलवाल्याकडे शेजारीच दवणाही असतो. त्याची पानं बारीक चिरल्यासारखी आणि चव कडू, तो यात चालत नाही. मरव्याचं पान अखंड, अंडाकृती, राखाडी झाक असलेलं हिरवं आणि मखमली असतं.

बेसिल म्हणून इटालियन बेसिल घ्या, मोठ्या, फुगीर, चकचकीत पानांचं. किराणा दुकानातला सब्जा पेरला तर उगवणारं रोपही बेसिलच्याच जातकुळीचं असतं, पण त्याचा गंध वाणागणिक बदलतो. पान चुरून वास पाहा. आवडला तर वापरा. देवघरासमोरची तुळस मात्र बेसिलची जागा घेऊ शकत नाही. तिच्यात लवंगेसारखा उग्र वास असतो आणि तो टोमॅटोच्या सॉसवर स्वार होतो.

थाईम आणि रोझमेरीची रोपं नर्सरीत मिळतात. दोन्ही भूमध्य समुद्राकाठची, कोरड्या खडकाळ मातीतली, त्यामुळे कुंडीत पाणी साचलं की मरतात. मातीत निम्मी जाडी वाळू मिसळा आणि वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. थाईम मिळालंच नाही तर चिमूटभर भरडलेला ओवा घाला. थाईममधलं थायमॉल ओव्यातही असतं, आणि भरपूर असतं, म्हणून हात अगदी आखडता ठेवा.

नर्सरीतून नवीन आणलेल्या रोपाचा पाला पहिले तीन-चार आठवडे खाऊ नका. आधीची पानं छाटून टाका, नवी फूट येऊ द्या.

प्रमाण

पुढची मापं वाळवून चुरलेल्या पाल्याची आहेत. मोठा चमचा म्हणजे 15 मिलिलिटरचा, सपाट भरलेला.

ओरेगानो 4 मोठे चमचे
बेसिल 3 मोठे चमचे
मरवा 2 मोठे चमचे
थाईम 1 मोठा चमचा
रोझमेरी, बारीक कुटलेली, 1 मोठा चमचा

याचं साधारण 25 ते 30 ग्रॅम मिश्रण होतं, म्हणजे एक छोटी बरणी. एवढ्यासाठी ताजा पाला किती लागतो याचा अंदाज नवख्यांचा नेहमी चुकतो. बेसिलच्या पानात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. 100 ग्रॅम निवडलेल्या पानांची वाळून जेमतेम 8-10 ग्रॅम होतात. वरच्या प्रमाणासाठी देठांसकट बेसिल 100 ते 120 ग्रॅम, ओरेगानो 100 ग्रॅम, मरवा 40 ग्रॅम, थाईम आणि रोझमेरी प्रत्येकी 20-25 ग्रॅम धरून चला. एका कुंडीतून एका वेळी एवढं निघणार नाही. दोन-तीन खुडण्यांत जमवा आणि प्रत्येक खेप वेगळी वाळवून वेगळ्या बरणीत ठेवा.

रोझमेरी वाढवायचा मोह आवरा. दुप्पट झाली तर सगळ्याला कापराची छटा येते आणि ती काढता येत नाही.

खुडणं

फुलं उमलायच्या बेतात असताना, कळ्या नुकत्याच दिसू लागल्या की पानांतलं तेल भरात असतं. बेसिल एकदा फुलावर गेलं की पानं लहान आणि चवीला रुक्ष होतात. सकाळी दव वाळल्यावर, पण ऊन तापायच्या आत खुडा. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नको. बेसिल छाटताना पानांच्या जोडीच्या बरोबर वर कापा, म्हणजे तिथून दोन फांद्या फुटतात.

धुण्याबद्दल एक युक्ती आहे. आदल्या संध्याकाळी झाडावरच पाण्याचा फवारा मारून धूळ घालवा. सकाळपर्यंत पानं कोरडी होतात आणि खुडल्यावर भिजवावी लागत नाहीत. विकतची जुडी असेल तर धुवावीच लागते. भांडंभर पाण्यात हलक्या हाताने बुडवून काढा, मग सुती पंच्यात सैल गुंडाळून झटका. पानं पिळू नका, चुरगळू नका. बेसिलचं पान जिथे दुखावतं तिथे ते काळं पडतं: पेशी फुटल्या की आतली विकरं (एन्झाइम्स) हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडताच कामाला लागतात, कापलेल्या वांग्यात होतं तसंच.

पिवळी, ठिपके पडलेली, किडीने खाल्लेली पानं आत्ताच काढून टाका. वाळल्यावर ती ओळखू येत नाहीत.

वाळवणं

पाच पाले, पाच वेगळ्या जागा. सगळ्यांची एकत्र जुडी बांधू नका. थाईम वाळून तयार होतं तेव्हा बेसिलच्या मधल्या शिरेत अजून पाणी असतं, आणि ते एकत्र राहिले की ओल्याचं पाणी कोरड्यात जातं.

ओरेगानो, मरवा, थाईम आणि रोझमेरी या बारीक पानांच्या पाल्यांच्या लहान जुड्या बांधा, एका जुडीत आठ-दहा काड्या. दोऱ्याऐवजी रबर बँड लावा, कारण काड्या वाळताना आकसतात, दोरा सैल पडतो आणि दोन दिवसांनी अर्धी जुडी जमिनीवर येते. जुड्या उलट्या टांगा. जागा कोरडी, सावलीची, वारा खेळेल अशी हवी. स्वयंपाकघर त्यासाठी वाईट, कारण तिथे वाफ आणि फोडणीचा धूर असतो. धूळ बसत असेल तर खाकी कागदी पिशवीला चारी बाजूंनी भोकं पाडून ती जुडीवर सैल चढवा. गळणारी पानंही तिच्यातच पडतात. प्लॅस्टिकची पिशवी कधीही नको, आत पाणी सुटून बुरशी येते.

बेसिल टांगायचं नाही. पानं मोठी आणि ओली, जुडीच्या आत हवा शिरत नाही, मधली पानं काळी होऊन कुजतात. पानं देठावरून सुटी करा. मैद्याच्या मोठ्या चाळणीवर किंवा बांबूच्या परडीत मलमलचं फडकं अंथरा आणि पानं एकेरी थरात, एकमेकांना न चिकटता पसरा. खालून हवा लागली पाहिजे, म्हणून परडी दोन विटांवर ठेवा. ताटात पसरली तर खालची बाजू ओली राहते. रोज एकदा हलक्या हाताने उलटा.

किती दिवस लागतील हे घर कुठे आहे त्यावर ठरतं. पुण्या-नाशिककडे डिसेंबर ते फेब्रुवारीत बारीक पाला आठवडा ते दोन आठवड्यांत तयार होतो. विदर्भात मार्च ते मेमध्ये चार-पाच दिवसही पुरतात, फक्त खोली अंधारी ठेवा. कोकण, मुंबई, गोवा इथे हवाच दमट, त्यामुळे हिवाळ्यातले कोरडे दिवस गाठा किंवा एसी चालू असलेल्या खोलीत परडी ठेवा. एसी हवेतली ओल ओढून घेतो. जून ते सप्टेंबर नुसत्या हवेवर वाळवायच्या भानगडीत कुठेच पडू नका. पाला वरवर वाळलेला दिसतो आणि चार दिवसांनी बरणीत पांढरी लव दिसते.

पावसाळ्यात करायचंच असेल तर यंत्र लागतं. डिहायड्रेटर असेल तर 35 ते 40 अंश सेल्सिअसवर लावा. बारीक पाल्याला चार ते आठ तास, बेसिलला आठ ते चौदा तास धरा. 45 अंशांच्या वर जाऊ नका. घाईने 60 ठेवलं तर घरभर छान वास सुटतो, आणि जो वास घरभर सुटला तो बरणीत उरत नाही. बहुतेक ओटीजी ओव्हनचं सगळ्यात कमी तापमानही पाल्याला जास्तच होतं. दुसरं काही नसेल तर ओव्हन दहा मिनिटं तापवून बंद करा, दार बोटभर उघडं ठेवून उरलेल्या उबेत ट्रे ठेवा, आणि दिवसातून दोन-तीनदा असंच करा.

मायक्रोवेव्ह थोड्या पाल्याला, विशेषतः बेसिलला, चांगला उपयोगी पडतो. वेळ कमी लागल्याने रंग हिरवा राहतो. पूर्ण कोरडी पानं दोन साध्या पांढऱ्या किचन पेपरच्या मध्ये एकेरी थरात ठेवा. आधी एक मिनिट, मग 20-20 सेकंद, प्रत्येक वेळी उघडून पाहायचं. साधारण दोन-तीन मिनिटांत होतं. तिथून हलू नका: वाळलेलं पान आणि कागद दोन्ही पेट घेऊ शकतात. वर्तमानपत्राचा कागद अजिबात वापरू नका.

वाळलं का, हे कसं ओळखायचं

नजरेवर विश्वास ठेवू नका, कानावर ठेवा. पान बोटांत दाबलं की कुर्रकन आवाज होऊन चुरा झाला पाहिजे. वाकलं, दुमडलं, चामड्यासारखं लागलं तर अजून वेळ आहे. बारीक काडी कट्‌कन मोडली पाहिजे. बेसिलची मधली शीर सगळ्यांत शेवटी वाळते, तीच मोडून पाहा. ही तपासणी दुपारी करा. सकाळच्या दमट हवेत चांगला वाळलेला पालाही मऊ लागतो.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर बुरशीला दोष देतात. प्रत्येक पाला अखंड पानांच्या रूपात वेगळ्या काचेच्या बरणीत पाऊण भरा, झाकण घट्ट लावा आणि चार दिवस ठेवा. रोज बरणी हलवून पाहा. काचेला आतून धुकं धरलं, किंवा काल कुरकुरीत असलेली पानं आज लवचिक लागली, तर आतली ओल बाहेर आली आहे. सगळं पुन्हा परडीत पसरा. चार दिवसांनीही पानं कुरकुरीत आणि काच स्वच्छ असेल तर पाला तयार. बुरशीचा ठिपका किंवा कुबट वास आला तर पूर्ण बरणी टाकून द्या. वरचा भाग काढून उरलेलं वापरणं धोक्याचं आहे, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याहून खोल गेलेली असते.

चुरणं आणि मिसळणं

मिश्रणाची पूड करायची नाही. जितकं बारीक कराल तितक्या तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि तितक्या लवकर वास जातो. साध्या तांदळाएवढे तुकडे हवेत. पुरणयंत्राची मोठ्या भोकांची जाळी यासाठी फार सोयीची आहे: काडी एका हाताने धरा, पानं जाळीवर तळव्याने हलके घासा, चुरा खाली आणि काड्या वर राहतात. गव्हाच्या चाळणीनेही होतं. थाईमची काडी शेंड्याला धरून दोन बोटं उलट दिशेने ओढली की पानं सरसर सुटतात.

रोझमेरी मात्र अशी हाताने चुरत नाही. तिची पानं सुईसारखी टणक, वाळल्यावर जास्तच. ती तशीच मिसळली तर शिजूनही दाताखाली काट्यासारखी येतात. खलबत्त्यात थोडी-थोडी कुटा. मिक्सर वापरायचा तर अगदी लहान भांडं घ्या, दोन-दोन सेकंदांचे तीन-चार झटके द्या आणि मध्ये थांबा. भांडं कोमट लागलं तर समजा की तेल उडायला लागलं. कुटल्यावर चहाच्या गाळण्याने चाळून वर उरलेल्या सुया पुन्हा कुटा.

आता मोठ्या कोरड्या परातीत पाचही पाले वरच्या प्रमाणात घालून बोटांनी खालीवर करा. ढवळायला चमचा घेतला तर रोझमेरी तळाशी बसते. लगेच चव घेऊ नका, कोरडा चुरा जिभेवर फक्त कडवट लागतो. चमचाभर कोमट लोणी किंवा तेल घ्या, त्यात चिमूटभर मिश्रण आणि मीठ घालून दहा मिनिटं ठेवा आणि पावाच्या तुकड्यावर चाखा. तेव्हा खरं कळतं. कडू वाटलं तर मरवा अर्धा चमचा वाढवा. सपाट वाटलं तर ओरेगानो घाला.

मीठ, लसणाची पूड आणि चिली फ्लेक्स यात घालायचे का, असा प्रश्न येतोच. आमचं मत स्पष्ट आहे: बरणीत घालू नका. मीठ आणि लसूण-पूड हवेतली ओल ओढतात आणि पावसाळ्यात अख्ख्या मिश्रणाचे गोळे होतात. शिवाय पदार्थात मीठ आधीच असेल तर हा मसाला हवा तेवढा घालता येत नाही. पिझ्झाबरोबरच्या पुडीसारखी चव हवी असेल तर वापरताना एक चमचा मिश्रणाला पाव चमचा लसूण-पूड आणि पाव चमचा मिरची हातावरच मिसळा.

ठेवणं आणि वापरणं

काचेची लहान बरणी घ्या, झाकण घट्ट बसणारं. मोठ्या बरणीत मिश्रण खाली जातं तशी वर हवा वाढते, म्हणून दोन छोट्या भरणं चांगलं. झाकणावर तारीख चिकटवा. जागा अंधारी आणि थंड हवी. गॅसच्या वरचं फळकूट दिसायला सोयीचं, पण घरातली सगळ्यात वाईट जागा तीच.

एक चूक जवळपास प्रत्येक घरात होते. उकळत्या सॉसवर बरणी उलटी धरून मिश्रण शिंपडलं जातं. वाफ सरळ बरणीत शिरते आणि आठवडाभरात चुरा चिकटायला लागतो. बरणीतून आधी तळहातावर घ्या, झाकण लावा, मग दोन्ही तळव्यांत चोळून पदार्थात टाका. चोळल्याने उरलेल्या ग्रंथी फुटतात आणि वास तिथेच, ताटाजवळ सुटतो.

इटलीतही ओरेगानो वाळवूनच वापरण्याची पद्धत जुनी आहे, बेसिल मात्र तिथे ताजंच आवडतं. त्यामुळे पास्ता उतरवताना ताजं बेसिल हाताशी असेल तर वरून घाला, मिश्रणात वाळवलेलं असलं तरी. मिश्रण घालायची वेळ मात्र सुरुवातीची: सुगंधी द्रव्यं तेलात उतरतात, म्हणून कांदा-लसूण परतताना तेलात घाला, पण तेल धुरावर आलेलं नको, दहा सेकंदांत पाला करपून कडू होतो. अर्धा किलो टोमॅटोच्या सॉसला एक लहान चमचा, नऊ इंची पिझ्झाला अर्धा. ताज्या पाल्याच्या पाककृतीत वाळवलेला वापरायचा असेल तर तिसरा हिस्सा घ्या. उकडलेल्या बटाट्यांच्या फोडी, पनीर, आमलेट, लोणी लावलेला पाव, भाजलेलं मक्याचं कणीस, सगळ्याला चालतं.

ऑलिव्ह तेलात मिश्रण भिजवून टेबलावर ठेवायचं असेल तर त्यात ताजी लसूण किंवा ताजी पानं टाकून बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि तिथे बोट्युलिझम या गंभीर अन्नविषबाधेचा जंतू वाढू शकतो, आणि त्याचं विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही. असं तेल लागेल तेवढंच करा आणि त्याच दिवशी संपवा.

सहा महिने मिश्रण भरात असतं, वर्षभर बरं राहतं. नंतर ते खराब होत नाही, फक्त मुकं होतं. चिमूट तळव्यावर चोळून वास घ्या. झणझणीत आला तर ठीक, मंद आला तर दीडपट घाला, गवतासारखा आला तर कुंडीत टाका. काड्या मात्र टाकू नका. रोझमेरी आणि थाईमच्या वाळलेल्या काड्यांची सुताने पुरचुंडी बांधून सूप उकळताना सोडा आणि वाढण्याआधी काढून घ्या.